फास्टॅग म्हणजे जीपीएस नव्हे

काचेवर फास्टॅग असला की ट्रक कुठे आहे ते सरकारला चोवीस तास दिसतं, हा समज बरीच वर्षं फिरतोय. तसं काही दिसत नाही. त्या स्टिकरमध्ये ना बॅटरी असते ना जीपीएस. टोलनाक्यावरच्या रीडरची लहर पडली की तो तेवढ्यापुरता आपला क्रमांक सांगतो, पुढच्या नाक्यापर्यंत मुका.

न्हावा शेवा बंदरात २०१६पासून कंटेनरला लागणारा लॉजिस्टिक्स डेटा बँकेचा (कंटेनरचा माग ठेवणाऱ्या व्यवस्थेचा) टॅगही याच जातीचा. बंदराचं गेट, टोलनाका अशा ठरावीक जागीच नोंद होते. दोन नोंदींत सहा तास गेले, तर ट्रक कोंडीत होता, सीएफएसच्या (बंदराबाहेर कंटेनर भरण्या-उतरवण्याच्या ठाण्याच्या) रांगेत होता की चालक जेवून झोपला होता, हे त्यातून कळत नाही. (दोष मात्र चालकाच्याच माथी!)

गेटबाहेरचा खोळंबा मोजायला जीपीएसच लागतो. नकाशावर गेट, पार्किंग, सीएफएसभोवती हद्द आखायची आणि प्रत्येक हद्दीत ट्रक किती वेळ थांबला ते बघायचं. पण ही माहिती यंत्र बसवलेल्या ट्रकांचीच. एक-दोन गाड्या चालवणाऱ्या मालकाकडे ते नसेल, तर त्याची रांग हिशेबात येतच नाही आणि मोठ्या ताफ्यांची सरासरी सगळ्यांची म्हणून खपते.