भिंत पाडण्याआधी: मुंबईतल्या फ्लॅटसाठी परवानगी आणि कागदपत्रं

स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत काढून टाकू, असं ठरवून फ्लॅटचं काम काढणारे खूप आहेत. ठेकेदार हाताने ठोकून ‘पार्टिशनची आहे, पाडू’ म्हणतो आणि आपण मान डोलावतो. तसं करू नका. 25 जुलै 2017 ला घाटकोपरची साई दर्शन इमारत कोसळली आणि 17 जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला.

मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 च्या कलम 342 नुसार किरकोळ दुरुस्तीसाठी पालिकेला नोटीस द्यावी लागत नाही. गिलावा, रंग, फरशी बदलणं, नळ, ड्रेनेजचे पाइप, विजेची फिटिंग ही कामं त्यात येतात. भारवाही (इमारतीचा भार पेलणारी) भिंत किंवा इमारतीच्या सांगाड्याचा कोणताही भाग काढणं अथवा बदलणं, पोटमाळा वाढवणं, जमिनीची पातळी खाली नेणं हे मात्र किरकोळ दुरुस्तीत बसत नाही. मुंबईबाहेर त्या त्या महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा कायदा आणि नियमावली पाहावी लागते.

म्हणजे सगळं अडतं ते भिंत कुठली आहे यावर. जाडी हा पहिला धागा: जुन्या विटांच्या बांधकामात नऊ इंची किंवा त्याहून जाड भिंत बहुधा भार घेते, साडेचार इंची बहुधा घेत नाही. पण ‘बहुधा’वर विसंबू नका. आरसीसी इमारतीत, म्हणजे जिथे भार काँक्रीटचे खांब आणि बीम घेतात तिथे, नऊ इंची भिंत नुसती भरावाची असू शकते, आणि नऊ इंच रुंदीचा खांब त्याच जाडीच्या भिंतीत गिलाव्याखाली असा मिसळतो की डोळ्याला दिसत नाही. ड्रिलच्या भुकटीवरून अंदाज येतो: लाल पडली तर वीट, करडी पडली तर काँक्रीट असण्याची शक्यता. वरच्या आणि खालच्या मजल्यावर भिंत त्याच जागी आहे का, तेही पाहा. मायवान पद्धतीच्या नव्या टॉवरमध्ये हे तर्क फारसे लावूच नयेत. तिथे खोल्यांमधल्या भिंतीसुद्धा स्लॅबबरोबर ओतलेल्या काँक्रीटच्या असतात आणि त्यातल्या बहुतेक भार घेतात. दारासाठी भोक पाडणंही तिथे धोक्याचं.

शेवटचा शब्द परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. त्याला मंजूर नकाशा आणि, मिळाले तर, आरसीसीचे नकाशे द्या. सोसायटीकडे नसतील तर पालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाकडे माहिती अधिकारात मागता येतात. अर्जाचं शुल्क 10 रुपये, प्रतींचे पैसे वेगळे.

अर्ज मालकाने करायचा. भाडेकरूला घरमालकाच्या सहीशिवाय पुढे जाता येत नाही. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे आधी समितीची लेखी परवानगी घ्यायची, मग वास्तुविशारद किंवा परवानाधारक सर्व्हेअरमार्फत पालिकेकडे जायचं. साधारण ही कागदपत्रं तयार ठेवा:

- नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स-2 (नोंदणीचा उतारा) आणि भाग प्रमाणपत्र (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट)
- सोसायटीचं ना-हरकत पत्र
- मंजूर नकाशा, त्यासोबत सध्याचा आणि प्रस्तावित बदलाचा नकाशा
- स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल आणि स्थैर्याचं प्रमाणपत्र

इमारत 30 वर्षांहून जुनी असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम 353-ब खालच्या संरचनात्मक तपासणीचा अहवाल सोसायटीकडे मागा. तो नसेल, किंवा त्यात खांबांना तडे, सळई गंजलेली असं काही लिहिलेलं असेल, तर भिंतीचा विषय तूर्त बंद ठेवा. आधी इमारत दुरुस्त होऊ दे.

भारवाही भिंत काढायची परवानगी मिळालीच, तर तिच्या जागी लागणारा बीम आणि त्याचे आधार हे इंजिनिअरच्या नकाशाप्रमाणेच हवेत. भिंतीला हात लागण्याआधी वरच्या स्लॅबला टेके लागले पाहिजेत आणि त्या दिवशी इंजिनिअर जागेवर हजर हवा. ठेकेदाराच्या करारात हे लिहून घ्या, आणि मंजुरीची एक प्रत सोसायटीच्या कार्यालयात देऊन पोच घ्या.