पार्श्वभूमी: गटोपचाराचा नकाशा आणि त्यातला बाण

‘कालच्या सेशनचा मॅप झाला का?’ मुंबईत गटोपचार, म्हणजे ग्रुप थेरपी, चालवणाऱ्या चिकित्सकांमध्ये हा प्रश्न आता सहज विचारला जातो. पण विचारणाऱ्याच्या आणि उत्तर देणाऱ्याच्या मनात एकच मॅप असेल, असं नाही. एकाला कोण कोणाशी किती वेळा बोललं याचं जाळं हवं असतं. दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे विषयांच्या फांद्या असलेलं झाड असतं. तिसरा गटात कोण कोणाला जवळचं मानतं, याची आकृती काढून बसलेला असतो. ही तीन वेगळी घराणी आहेत. सॉफ्टवेअरने ती एका पडद्यावर आणली, तिघांनाही ‘मॅप’ हे एकच नाव पडलं आणि आजचा बराचसा घोळ त्या नावातून निघाला.

सर्वांत जुनं घराणं १९३० च्या दशकातलं. न्यूयॉर्क राज्यातल्या मुलींच्या एका सुधारशाळेत मुलींना विचारलं जाई, की कोणाबरोबर राहायला आवडेल आणि कोणाबरोबर नको. उत्तरं रेघांनी मांडली जात. आवड लाल रेघेने, नावड काळ्या. एप्रिल १९३३ मध्ये तिथल्या एका मोठ्या दैनिकाने या आकृत्यांची बातमी ‘भावनांचा नवा भूगोल’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली छापली. इथे लक्षात ठेवायचं ते असं, की बाण त्या मुलीने स्वतः दिलेला होता. तिला विचारून काढलेला होता.

दुसरं घराणं १९५० चं. एका बाजूनेच आरपार दिसणाऱ्या काचेमागे बसून निरीक्षक प्रत्येक वाक्य बारा प्रकारांपैकी एकात टाकत: सहमती, मत विचारणं, ताण मोकळा करणं, विरोध, असे ते प्रकार. सोबत कोण कोणाला बोललं याचा तक्ता असे. १९७९ मध्ये याच परंपरेतून तीन मोजमापांची पद्धत आली. तिच्यात प्रत्येक माणूस एक वर्तुळ असतो आणि वर्तुळ जितकं मोठं तितका त्या माणसाचा गटावर वरचष्मा. इथे बाण निरीक्षकाचा झाला. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमजवळच्या लष्करी इस्पितळात, गट म्हणजे जाळं आणि माणूस म्हणजे त्यातली गाठ, हा विचार पुढे आला होता. पण तो विचारच राहिला, आकृती झाला नाही.

तिसरं घराणं १९७० च्या दशकातलं, मध्यभागी एक शब्द आणि भोवती फांद्या. ते अभ्यासासाठी आणि टिपणांसाठी जन्मलं. उपचाराशी त्याचा मुळात संबंध नव्हता. गंमत अशी, की संगणकावर सगळ्यांच्या हाताशी आधी हेच आलं.

कागदावर हे सगळं पूर्वीपासून होतंच. वर्तुळ, त्यावर खुर्च्यांच्या जागी अक्षरं, आणि पेन्सिलीच्या रेघा. पंधराव्या मिनिटाला कागद काळा होतो आणि आधी काय घडलं, नंतर काय, हे कळेनासं होतं. सॉफ्टवेअरची ओढ लागली ती इथून. फ्रीमाइंड हा प्रोग्रॅम फुकट होता आणि जुन्या संगणकावरही चालत होता, म्हणून अनेकांनी त्यापासून सुरुवात केली. पण फ्रीमाइंडची रचना झाडाची. प्रत्येक फांदीला वर एकच जोड, आणि मुळाशी एकच शब्द. आडवे बाण काढता येतात, पण ते मोजता येत नाहीत. मग मुळाशी काय लिहायचं? बहुतेक जण त्या दिवशीचा विषय लिहीत: ‘व्यसन’, ‘सासर’, ‘नोकरी’. झालं, नकाशा विषयाचा झाला. माणसं फांद्यांच्या टोकाला पानांसारखी लटकली आणि त्यांच्यातलं काहीच दिसेना.

म्हणून जाळ्याच्या प्रोग्रॅमकडे वळणं भाग पडलं. गेफी हा त्यातला सर्वांत परिचित. कामाची रीत साधारण अशी असते. आठ सभासद आणि दोन चिकित्सक, नव्वद मिनिटं. एक चिकित्सक बोलण्याचा धागा धरतो, दुसरा तक्ता भरतो. उभ्या बाजूला बोलणारा, आडव्या बाजूला ज्याला उद्देशून बोललं तो, आणि शेवटी ‘सगळ्यांना’ असा एक रकाना. ‘हं’, ‘हो ना’ मोजायचे नाहीत. दर तीस मिनिटांनी नवा तक्ता, म्हणजे सेशनचे तीन तुकडे वेगळे राहतात. घरी जाऊन एक्सेलमध्ये तीन रकाने करायचे: कोण, कोणाला, किती वेळा. दहा जणांत नव्वद बाण शक्य असतात. एकदाच घडलेले बाण गाळणीने लपवले, की उरलेलं वाचता येतं. पहिल्या काही आठवड्यांत सगळे बाण चिकित्सकाकडे धावतात, चाकाच्या आऱ्यांसारखे. पुढे सभासदांचे आपसांत बाण जाडावू लागले, की गट पाय रोवतोय असं समजतात.

यात दोन खड्डे आहेत आणि नवखे दोन्हीत पडतात. फाइल साध्या सीएसव्हीत, म्हणजे नुसत्या मजकुराच्या तक्त्यात, साठवली, की देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. साठवताना यूटीएफ-८ ही अक्षरांची सांकेतिक पद्धत निवडावी लागते. हा खड्डा किरकोळ. दुसरा खोल आहे. बाणांची यादी तेवढी भरली, तर जो अख्ख्या सेशनमध्ये एक शब्द बोलला नाही आणि ज्याच्याशी कोणी बोललं नाही, तो यादीत येतच नाही. नकाशात सभासदांचे सातच गोळे उमटतात, आठवा नाहीच. खुर्चीत हाताची घडी घालून नव्वद मिनिटं बसलेली बाई पडद्यावर आलेलीच नसते, आणि गटातली त्या दिवसाची सर्वांत महत्त्वाची गोष्ट कदाचित तीच असते. म्हणून माणसांची यादी वेगळी, आधी भरायची. गप्प असलेल्याला पोकळ वर्तुळ, गैरहजर असलेल्याला तुटक रेघेचं. दोघांना एकच खूण देणं ही चूक आहे, मग घाई कितीही असो.

आणखी एक गोष्ट. असे प्रोग्रॅम गोळ्यांची जागा दर वेळी स्वतः ठरवतात. चौथ्या सेशनमध्ये ‘ग’ मध्यभागी आणि पाचव्यात कडेला दिसला, म्हणून तो बाजूला पडला असं होत नाही. जागा बसण्याच्या क्रमाने खिळवून ठेवल्या, तरच दोन चित्रांची तुलना करण्यात अर्थ आहे.

प्रत्येक गटाला हा नकाशा लागू पडतो असंही नाही. दारूमुक्तीच्या स्वमदत मीटिंगमध्ये एकाने मन मोकळं केल्यावर दुसऱ्याने उलट बोलायचं नाही, असा शिरस्ता असतो. तिथे नकाशा काढला तर सगळे बाण ‘सगळ्यांना’ या रकान्यात जातील. तो गट आजारी नाही, त्याची रीतच ती आहे. शुभार्थी (मानसिक आजार असलेले) आणि शुभंकर (त्यांची काळजी घेणारे) एकत्र बसतात त्या आधारगटांतही माहिती देणंघेणंच जास्त असतं. तिथे झाडाचा नकाशा जाळ्यापेक्षा उपयोगी.

आता त्या शब्दाकडे, ज्यावरून सर्वाधिक भांडण आहे. नकाशा ‘प्रोसेस’चा, म्हणजे गटात माणसामाणसांत काय चाललंय त्याचा, काढायचा, असं सगळे म्हणतात. मराठीत आपण ‘प्रक्रिया’ म्हणतो आणि पुढे निघतो. पण इस्पितळात प्रोसेस म्हणजे केसपेपर काढणं, सही, शिक्का. त्यात ‘प्रोग्रेस नोट’ आणि ‘प्रोसेस नोट’ हे दोन शब्द कानाला जवळजवळ सारखे. प्रोग्रेस नोट रुग्णाच्या फाइलमधली: झोप कशी आहे, औषध घेतो का, सुधारणा किती. प्रोसेस नोट चिकित्सकाची स्वतःची: खोलीत काय चाललं होतं आणि त्याला स्वतःला काय वाटलं. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये जाऊ लागल्या, तेव्हा नकाशाही त्यांच्या मागोमाग फाइलमध्ये गेला.

हे का बिघडतं, ते ‘लेकी बोले सुने लागे’ या म्हणीइतकं दुसरं काहीच स्पष्ट करत नाही. आपल्याकडे गटात रागाचं बोलणं फार क्वचित सरळ जातं. ‘ख’ चिकित्सकाकडे बघून म्हणते, ‘काही लोकांना वाटतं आपलंच दुःख मोठं.’ समोर ‘च’ मान खाली घालतो. बाण कुठे काढायचा? तक्त्याच्या नियमाने ‘ख’कडून चिकित्सकाकडे. समजुतीच्या नियमाने ‘ख’कडून ‘च’कडे, तोही लाल, इथे लाल म्हणजे रागाचा. पहिला बाण खोलीतल्या कोणालाही दिसला असता. दुसरा चिकित्सकाचा अंदाज आहे. बरोबर असेल, पण अंदाजच. पडद्यावर मात्र दोन्ही बाण सारखेच ठाम दिसतात. पेन्सिलीची रेघ निदान फिकट तरी असे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो अमलात आला २९ मे २०१८ रोजी. त्याच्या कलम २५ ने रुग्णाला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क दिला. स्वतःला गंभीर मानसिक इजा किंवा दुसऱ्याला धोका होण्याची शक्यता असेल, तर विशिष्ट माहिती रोखता येते, पण मग कायद्याने नेमलेल्या मंडळाकडे दाद मागता येते हेही रुग्णाला सांगावं लागतं. कलम २३ गोपनीयतेचं. कलम २४ ने खासगीपणाचा हक्क डिजिटल स्वरूपातल्या माहितीलाही लागू केला. वैयक्तिक उपचारात ही तीन कलमं एकमेकांच्या आड येत नाहीत. गटाच्या नकाशात येतात, कारण ‘च’ने स्वतःची नोंद मागितली, तर त्याच कागदावर आणखी सात जणांची नोंद असते, आणि ‘ख’चा तो अंदाजाचा लाल बाणही.

यावर दोन पक्ष पडले. एक म्हणतो, नकाशा म्हणजे नोंद, तो फाइलमध्ये राहिला पाहिजे, लपवालपवी नको. दुसरा म्हणतो, ते चिकित्सकाचं कच्चं काम आहे आणि मार्गदर्शनापुरतं ठेवून नष्ट करावं. आमच्या मते दोघांनाही एकच नकाशा गृहीत धरायची घाई झाली आहे. दोन थर वेगळे ठेवले, तर निम्मा वाद मिटतो. मोजणीचा थर एका फाइलमध्ये, अंदाजाचा दुसऱ्या. रुग्णाच्या फाइलसाठी मोजणीच्या थरातून फक्त त्याचे स्वतःचे बाण काढायचे आणि बाकी सर्वांना मिळून ‘गट’ असं एकच वर्तुळ करायचं. हे पूर्ण निर्धोक नाही. आठ जणांच्या गटात त्या दिवशी कोण कोणावर चिडलं, हे हजर असलेल्यांच्या लक्षात असतंच. पण घरच्यांच्या हातात कागद पडला, तर निदान दुसऱ्याचं घर उघडं पडत नाही.

नावांऐवजी क, ख, ग वापरण्याचा नियम सगळे पाळतात. कोणतं अक्षर कोणाचं, ही किल्ली त्याच संगणकावर ठेवणारेही तितकेच असतात. ती कागदावर, कुलपात हवी. सर्वांत मोठी गळती भलतीकडूनच होते. सहचिकित्सक पडद्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो, तो समोरच्याच्या फोनच्या गॅलरीत आपोआप साठतो आणि रात्री वायफाय मिळालं, की क्लाउडवर चढतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर संमतीपत्रात नकाशाचा वेगळा उल्लेख करण्याकडे कल वाढतोय, आणि तो हवाच.

२०२० मध्ये गट ऑनलाइन गेले आणि बसण्याचं वर्तुळच गेलं. झूमवर प्रत्येकाच्या पडद्यावर चौकटींचा क्रम सहसा वेगळा असतो, त्यामुळे ‘शेजारी कोण’ या प्रश्नाला उत्तर उरलं नाही. एका खोलीच्या घरातला माणूस जिन्यात उभा राहून कॅमेरा बंद ठेवून बोले. तो बोलत नसे तेव्हा गप्प की गैरहजर हे कळेना, म्हणून चौथी खूण करावी लागली. दोन सभासदांचं आपसांतलं खासगी चॅट चिकित्सकाला दिसत नाही, म्हणजे गटातला एक खरा बाण नकाशात कधीच येत नाही. मिरोसारखे ऑनलाइन व्हाइटबोर्ड याच काळात रुळले. त्यातली सोय मोठी, दोन चिकित्सक दोन ठिकाणांहून एकाच वेळी काढू शकतात. धोकाही तिथेच: ‘लिंक असलेल्या कोणालाही’ ही परवानगी बंद करायची राहून जाते.

गट पुन्हा खोलीत आले, तेव्हा उशिराची नोंद परतली. उशिरा येणं ही गटातली घडामोड मानली जाते, पण मुंबईत रविवारच्या मेगाब्लॉकला किंवा जुलैतल्या पाण्याला तो अर्थ लावता येत नाही. म्हणून तारखेच्या खाली ‘गाड्या’ असा एक बारीक रकाना ठेवतात. बदलापूरहून येणारा आणि दादरला राहणारा दोघेही वीस मिनिटं उशिरा आले, तर ती नोंद एकसारखी नसते.

सध्याचा नवा मोह आपोआप लिहून देणाऱ्या प्रोग्रॅमचा. ध्वनिमुद्रण द्या, बोलणाऱ्यांची मोजणी घ्या. त्यासाठी आठही जणांची संमती लागते. एकाचाही नकार आला, तर विषय तिथेच संपतो. मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात आले आणि दोघी एकमेकींवर बोलल्या, की आवाज चुकीच्या नावावर पडतात. शिवाय कोण बोललं, एवढंच त्याला कळतं. कोणाला बोललं हा रकाना डोळ्यांनीच भरावा लागतो: मान कुठे वळली, ‘तुम्ही’चं ‘तू’ कितव्या मिनिटाला झालं, आणि ते ऐकून कोणी खुर्ची मागे सरकवली.