गाडी घासली, माणसं सुखरूप: पोलिसांना न बोलावता नोंद कशी करायची, विमा कसा मागायचा

मोंढ्यात टेम्पो मागे घेताना कारचा बंपर फुटतो. छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवर सिग्नलला मागची गाडी येऊन टेकते. पहिली दहा मिनिटं चूक कोणाची यातच जातात. बघे जमतात, कोणीतरी पुढाऱ्याला फोन लावतो आणि हजार-दोन हजारांवर मांडवली होते. खरा खर्च दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला बंपर काढतो तेव्हा कळतो. आतलं ब्रॅकेट वाकलेलं, सेन्सर गेलेला, दिव्याची कडी तुटलेली. तोवर समोरच्याचा फोन लागत नाही आणि गाडीचा नंबरही कोणी टिपलेला नसतो.

युरोपातल्या बऱ्याच देशांत गाडीत दुहेरी प्रतीचा छापील फॉर्म ठेवतात. किरकोळ धडक झाली की दोघे चालक तो भरतात, सही करतात आणि एकेक प्रत घेऊन निघतात. सही म्हणजे चुकीची कबुली नव्हे, असं त्या फॉर्मवरच छापलेलं असतं. आपल्याकडे असा सरकारी फॉर्म नाही. पण स्वतःच्या गाडीच्या किरकोळ नुकसानीचा दावा करताना विमा कंपन्या सहसा एफआयआर मागत नाहीत. त्यामुळे तेच काम साध्या कागदावर होतं.

हा मार्ग कोणासाठी

सगळ्यात आधी आपली पॉलिसी बघा. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे फक्त समोरच्याचं नुकसान भरून देणारी असेल, आणि बऱ्याच मोटारसायकलींची तीच असते, तर स्वतःच्या गाडीचा एक रुपयाही आपल्या कंपनीकडून मिळत नाही. मग समोरच्याच्या विम्यातून मागावं लागतं. तो रस्ता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जातो आणि तिथे पोलिसांची नोंद लागते. म्हणजे थर्ड पार्टीवाल्याने समोरच्याकडून भरपाई घ्यायची असेल तर पोलीस टाळून त्याचंच नुकसान होतं. पॉलिसी सर्वसमावेशक असेल, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘फुल इन्शुरन्स’ असेल, तरच पुढचं उपयोगी.

दुसरी अट इजेची. कोणालाही लागलेलं नसावं. ‘थोडं खरचटलंय, काही नाही’ हेही इजेतच धरा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १३४ सांगतं की अपघातात माणूस जखमी झाला किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर चालकाने जखमीला उपचार मिळवून द्यावेत, जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत माहिती द्यावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. यातला ‘मालमत्ता’ हा शब्द नीट वाचा. काटेकोर अर्थ लावला तर समोरच्या गाडीचा चेपलेला दरवाजाही त्यात येतो. व्यवहारात दोघांची संमती असेल आणि ज्याने त्याने आपल्या विम्यातून काम करून घेतलं तर कोणी ठाण्यात जात नाही. पण समोरचा कुरकुरत असेल, रक्कम मोठी दिसत असेल किंवा मनात शंका असेल तर ठाण्यात लेखी माहिती देऊन स्टेशन डायरीला नोंद करून घ्या आणि आपल्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. त्यासाठी रस्त्यावर तास-दोन तास पोलिसांची वाट बघावी लागत नाही.

समोरचा पळून गेला, चालक प्यायलेला वाटला, लायसन्स किंवा विमाच निघाला नाही, विजेचा खांब किंवा दुभाजक तुटला, तर मात्र आपसातला कागद विसरा आणि ११२ लावा. जखमी असेल तर आधी १०८.

ऊस हंगामातली गोष्ट वेगळीच. बीड, धाराशिव, लातूरच्या रस्त्यांवर रात्री ट्रॉली मागून दिसत नाही. धडक झाली तर ट्रॅक्टरच्या नंबरावर थांबू नका, ट्रॉलीचाही नंबर आणि फोटो घ्या. ट्रॉलीवर अनेकदा नंबरच नसतो. तसं असेल तर पोलीस नोंद करूनच निघा. बैलगाडी मोटार वाहन नाही, तिला विमाही नसतो. त्यामुळे आपल्या गाडीचा खर्च आपल्याच पॉलिसीतून. बैलाला लागलं असेल तर ते दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान, ठाण्यात कळवलंच पाहिजे.

जागेवर काय करायचं

इंडिकेटर चारही चालू करा. गाड्या हलवायच्या आधी फोटो काढा: दोन्ही गाड्या आणि मागचा रस्ता एकाच चौकटीत, मग दोन्ही नंबरप्लेट, मग नुकसान जवळून. दुकानाची पाटी किंवा किलोमीटरचा दगड फोटोत आला तर जागेबद्दल वाद राहत नाही. समोरच्या गाडीचं नुकसानही तेवढ्याच काळजीने टिपा, कारण आधीच चेपलेला भागही उद्या याच अपघातात मोजला जाऊ शकतो. मग गाड्या कडेला घ्या. समृद्धी महामार्गावर किंवा सोलापूर–धुळे महामार्गावर लेनमध्ये उभं राहून फोटोंची हौस करू नका. तिथे एक-दोन फोटो गाडीतूनच काढा आणि बाजूला व्हा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आहे.

गाडीखालून तेल किंवा कूलंट गळत असेल तर इंजिन चालू करू नका. दुरुस्तीआधी गाडी चालवल्याने नुकसान वाढलं तर ते मालकाच्या माथी, अशी अट पॉलिसीतच असते. तेलाचा चेंबर फुटलेला असताना गाडी गावापर्यंत आणली आणि इंजिन जाम झालं, तर कंपनी इंजिनाचे पैसे देत नाही आणि तिथे भांडून उपयोग नसतो.

समोरच्याचं लायसन्स, आरसी आणि पॉलिसी बघा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरची प्रत चालते. एमपरिवहनवर नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते, ती तिथेच तपासा.

मग कागद. दोन प्रती, मजकूर असा:

‘दिनांक …, वेळ …, ठिकाण … येथे गाडी क्र. … (चालक …, लायसन्स क्र. …, विमा कंपनी …, पॉलिसी क्र. …) आणि गाडी क्र. … (चालक …, लायसन्स क्र. …, विमा कंपनी …, पॉलिसी क्र. …) यांचा एकमेकांना धक्का लागला. पहिली गाडी … दिशेने जात होती, दुसरी … करत होती. पहिल्या गाडीचे … आणि दुसऱ्या गाडीचे … या भागाचे नुकसान झाले. कोणालाही इजा झालेली नाही. हा मजकूर केवळ घटनेची नोंद आहे. यात कोणीही चूक मान्य केलेली नाही.’

खाली दोघांच्या सह्या, मोबाइल नंबर आणि जमल्यास एका साक्षीदाराची सही. नंबर तिथेच मिस्ड कॉल देऊन खरा आहे का बघा. शेजारी साधा नकाशा काढा, बाणांनी दिशा दाखवा. ‘माझी चूक झाली, सगळा खर्च मी देतो’ असं गर्दीच्या दबावाखाली लिहून देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैशांचं वचन द्यायचं नाही, ही पॉलिसीतली अट आहे आणि दावा अडवायला ती पुरेशी ठरते. रोख घेऊन मिटवणार असाल तर तसं लिहून घ्या, पण बंपर उघडून बघितल्याशिवाय ‘यापुढे काही मागणी नाही’ यावर सही करणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

दावा

कंपनीच्या हेल्पलाइनवर किंवा अ‍ॅपवर त्याच दिवशी कळवा आणि दावा क्रमांक घ्या. नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरने बघेपर्यंत गाडी खोलू देऊ नका. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा. छोट्या दाव्यात व्हिडिओ कॉलवरही पाहणी होते.

कागदपत्रं फार नाहीत: भरलेला क्लेम फॉर्म, आरसी, अपघाताच्या वेळी जो चालवत होता त्याचं लायसन्स, पॉलिसी, गॅरेजचं इस्टिमेट, फोटो, तो दुहेरी सहीचा कागद, केवायसी आणि कॅशलेस (कंपनी थेट गॅरेजला पैसे देते) नसेल तर बिलं व रद्द केलेला चेक. मालवाहू गाडीला परमिट आणि फिटनेस लागतं. गाडी मुलगा चालवत होता आणि फॉर्मवर वडिलांचं नाव, असला प्रकार करू नका. फोटो आणि जबाब जुळले नाहीत की पूर्ण दावा जातो.

दावा करायचाच का, हा हिशेब मात्र बसून करा. समजा, ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता ९,००० रुपये आहे आणि सध्या ३५ टक्के नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यातली सूट) चालू आहे. दावा केला नाही तर पुढच्या वर्षी तो ४५ टक्के होतो, म्हणजे ४,०५० रुपयांची सूट. दावा केला की बोनस शून्यावर येतो आणि पुढे पुन्हा २० टक्क्यांपासून चढावं लागतं. आता दुरुस्तीचं बिल ५,००० आलं आणि त्यात प्लॅस्टिकचा बंपर ३,००० चा असेल, तर झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसल्यास प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, १,५०० गेले. १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये सक्तीचे आपल्या खिशातले (त्यावरच्या कारला २,०००, दुचाकीला १००). हातात साधारण २,५०० येतात, गमावता ४,०५०. असं बिल गुपचूप भरलेलं बरं. बिल वीस-पंचवीस हजारांवर गेलं की चित्र उलटतं. काचेवर घसारा नसतो, हेही गणितात धरा.

कंपनीने नाकारलं किंवा जास्तच कापलं तर आधी तिच्याच तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. सोबत नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर नोंदवता येते, फोन १५५२५५. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मराठवाड्यासाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. अर्जाला फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि कंपनीच्या उत्तरानंतर वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.