वायफायचा पासवर्ड बदलला म्हणजे राउटरला कुलूप लागलं?

‘वायफायचा पासवर्ड अवघड ठेवला की राउटर सुरक्षित’ असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. असं वाटणं स्वाभाविक आहे, पण राउटरला पासवर्ड दोन असतात. एक नेट जोडायचा, दुसरा सेटिंग उघडायचा, म्हणजे ॲडमिन पासवर्ड. हा दुसरा बरेचदा कारखान्यातून आला तसाच राहतो.

घरीच पडताळा. फोनच्या वायफाय तपशिलात ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’समोरचा आकडा, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, ब्राउझरमध्ये टाका. राउटर उलटा करून स्टिकरवरचं नाव-पासवर्ड द्या. उघडलं? मग तो स्टिकर पाहिलेला, तुमचं वायफाय वापरणारा कुणीही डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेटिंग) बदलून तुम्हाला नकली साइटवर नेऊ शकतो. ॲडमिन पासवर्ड आजच बदला, वायफायपेक्षा वेगळा ठेवा. ‘रिमोट मॅनेजमेंट’ (घराबाहेरून इंटरनेटवरून राउटरची सेटिंग उघडायची सोय) चालू दिसलं तर तेही बंद करा.