चीनमध्ये परदेशी माणसानं घर घ्यायचं तर: पात्रता, कागदपत्रं आणि व्यवहाराचा क्रम, हांगझोऊच्या उदाहरणासह

परदेशी नागरिकाला चीनमध्ये स्वतःच्या नावावर घर घेता येतं, बँकेकडून कर्जही मिळू शकतं. व्यवहार अडतो तो बहुतेक वेळा पैशांपायी नाही, तर वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळं पडलेल्या नावापायी. मी हांगझोऊमध्ये राहते आणि इथंच घर घेतलं. ज्या कागदासाठी सर्वांत जास्त खेटे घातले, त्याची तयारी पहिल्याच आठवड्यात करता आली असती. म्हणून इथं नोकरीला येणाऱ्या मराठी कुटुंबांना मी घरांचे भाव सांगण्याआधी कागदांचं सांगते.

पात्र कोण?

देशपातळीवरचा नियम तीन टप्प्यांत घडला. जुलै २००६ मध्ये ठरलं की चीनमध्ये एक वर्षाहून जास्त काळ काम किंवा शिक्षण केलेल्या परदेशी व्यक्तीलाच घर घेता येईल, तेही स्वतः राहण्यासाठी. २०१० मध्ये त्यात ‘एकच घर’ ही अट आली. ऑगस्ट २०१५ मध्ये एक वर्षाची अट देशपातळीवर काढली गेली, मात्र ज्या शहरांत खरेदीवर निर्बंध आहेत तिथं स्थानिक नियम लागू राहतील असं स्पष्ट केलं. आजही ‘इथं कामाला किंवा शिकायला असलेली व्यक्ती, स्वतःच्या राहण्यासाठी, एक घर’ असंच धरून चाला. भाड्यानं देण्यासाठी दुसरा फ्लॅट हा बेत मनातून काढून टाका.

यावर शहराचा नियम बसतो. हांगझोऊनं ९ मे २०२४ पासून शहरभर खरेदीदाराची स्थानिक पात्रता तपासणं बंद केलं. ग्वांगझूनं ३० सप्टेंबर २०२४ पासून निर्बंध उठवले. बीजिंग, शांघाय आणि शेन्झेनमध्ये सामाजिक विमा किंवा आयकर किती काळ भरला, आणि घर शहराच्या कोणत्या भागात आहे, यावरून पात्रता ठरवली जाते. हे नियम २०२४ पासून अनेकदा सैल झाले आहेत, त्यामुळे मित्रानं दोन वर्षांपूर्वी सांगितलेली अट धरून बसू नका. बयाणा देण्याआधी त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या मालमत्ता नोंदणी केंद्रात जाऊन विचारा.

यिवूच्या बाजारात माल घ्यायला येणारे आपले व्यापारी वर्षातले कित्येक महिने इथं काढतात, पण बिझनेस व्हिसावर. तो मुक्काम ‘काम’ म्हणून मोजला जात नाही. कामाचा परवाना आणि रहिवासी परवाना दोन्ही हवेत. उलट बाजूही नीट समजून घ्या: घर घेतलं म्हणून यातला कोणताही परवाना आपोआप मिळत नाही. नोकरी गेली आणि परवाना संपला तर घर तुमचंच राहतं, पण त्यात राहायचा हक्क राहत नाही.

नावाचं प्रकरण

इथला दिनक्रम पासपोर्टवर चालतो. हॉटेलात उतरला नसाल तर आल्यापासून २४ तासांच्या आत भागातल्या पोलीस ठाण्यात, म्हणजे पायछूस्वोमध्ये, निवासाची नोंद करावी लागते. कामाच्या व्हिसावर आलेल्यानं ३० दिवसांत रहिवासी परवान्याचा अर्ज करायचा असतो. कामाचा परवाना १ डिसेंबर २०२४ पासून सामाजिक सुरक्षा कार्डाला जोडला आहे, वेगळं प्लॅस्टिकचं कार्ड आता देत नाहीत. मग बँक खातं, मोबाइल नंबर, पैसे देण्याघेण्याची अलीपे आणि वीचॅट ही ॲप्स. प्रत्येक ठिकाणी समोरचा कर्मचारी तुमचं नाव स्वतःच्या समजुतीनं टाइप करतो.

चिनी नाव दोन-तीन अक्षरांचं, आडनाव आधी. आपल्या पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि दुसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव, त्याला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं. समजा, आडनाव देशपांडे आणि पुढच्या रकान्यात ‘मधुरा अनिल’. बँकेत ते ‘देशपांडे मधुरा अनिल’ होतं, कामाच्या परवान्यावर ‘मधुरा अनिल देशपांडे’, कर खात्यात जागा न सोडता सलग एकच लांबलचक शब्द, आणि मोबाइल कंपनीत ‘अनिल’ गळून पडतो. रोजच्या जगण्यात याचा त्रास एवढाच की एखादं ॲप ओळख पटवत नाही. घर घेताना मात्र कर भरणारी, पगार मिळवणारी, पैसे पाठवणारी आणि करारावर सही करणारी व्यक्ती एकच आहे हे सिद्ध करावं लागतं. माझं बँकेतलं नाव आणि कराच्या दाखल्यावरचं नाव वेगळ्या क्रमानं होतं. तेवढ्यावरून कर्जाची फाइल परत आली, आणि विकणारी बाई दुसरं गिऱ्हाईक बघू लागली. तो आठवडा मी विसरणार नाही.

म्हणून पहिलं खातं उघडताना पासपोर्टच्या खालच्या दोन यंत्रवाचनीय ओळींत नाव ज्या क्रमानं आहे तोच क्रम सगळीकडे लावायला सांगा. पावती हातात पडली की खिडकीवरून हलण्याआधी अक्षरन् अक्षर तपासा. नावाचं चिनी रूपही एकदाच ठरवा आणि मग बदलू नका. अनेक शहरांत नोंदणीसाठी पासपोर्टच्या चिनी भाषांतराचं नोटरीपत्र लागतं, आणि त्यात जे चिनी नाव लिहिलं जातं ते घराच्या कागदावर उतरतं.

पासपोर्ट नव्यानं काढला की क्रमांक बदलतो, आणि घराच्या दाखल्यावर मात्र जुना क्रमांक असतो. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्या पासपोर्टचा क्रमांक छापलेला असतो, तो इथं मोठा आधार. तरी जुना पासपोर्ट जपून ठेवा. गरज पडली तर दोन्ही पासपोर्ट एकाच व्यक्तीचे असल्याचं पत्र भारतीय वकिलातीकडून घ्यावं लागतं. हांगझोऊ ज्यात येतं त्या झेजियांग प्रांतासाठी ती वकिलात शांघायमध्ये आहे.

जमवायचे कागद

- मूळ पासपोर्ट, चालू रहिवासी परवाना, पासपोर्टच्या भाषांतराचं नोटरीपत्र
- कामाचा परवाना आणि नोकरीचा करार (विद्यार्थी असाल तर संस्थेचं पत्र)
- पोलीस ठाण्यातली निवास नोंदणी, सध्याच्या पत्त्याची
- आयकर भरल्याचा दाखला, सामाजिक विम्याची नोंद, पगार जमा होतो त्या खात्याचा उतारा
- विवाहाचा दाखला, भाषांतर आणि प्रमाणीकरणासह
- दुसऱ्याला पाठवणार असाल तर नोटरी केलेलं मुखत्यारपत्र

यातला विवाहाचा दाखला सर्वांत वेळखाऊ. भारतात काढलेला दाखला नुसत्या ॲपॉस्टिलच्या, म्हणजे परदेशात वापरायच्या कागदावर आपल्या परराष्ट्र खात्यानं मारलेल्या शिक्क्याच्या, भरवशावर आणू नका, चिनी वकिलातीचं प्रमाणीकरण करून घ्या. मुंबईत त्यांची वकिलात आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हाच हे काम उरका, इथून कुरियरनं करायला गेलात तर महिने जातात.

घर निवडताना

जमीन सरकारची असते आणि तुम्हाला मिळतो वापराचा हक्क. निवासी जमिनीचा ७० वर्षांचा. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या नागरी संहितेनुसार निवासी हक्काची मुदत संपली की तो आपोआप वाढतो. ही ७० वर्षं बिल्डरनं जमीन घेतली तेव्हापासून मोजतात, तुम्ही घर घेतलं तेव्हापासून नाही. स्वस्त आणि देखण्या ‘गोंग्यू’ फ्लॅटची जाहिरात दिसली तर थांबा. त्यांतले बरेच व्यापारी जमिनीवरचे, ४० वर्षांच्या हक्काचे असतात, आणि वीज-पाण्याचे दरही बऱ्याचदा व्यापारी लागतात. गावकीच्या सामाईक जमिनीवर बांधलेल्या, ‘श्याओछानछ्वान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घरांकडे तर फिरकूच नका. बाहेरच्या माणसाच्या नावावर त्यांची नोंदच होत नाही.

आपल्याकडे कार्पेट आणि सुपर बिल्ट-अपचा जो घोळ, तोच इथं ‘गोंगतान’चा. जाहिरातीतल्या क्षेत्रफळात जिना, लिफ्ट, लॉबी यांतला तुमचा वाटा धरलेला असतो. उंच इमारतींत तो २० टक्क्यांच्या पुढेही जातो. ‘माओपी’ लिहिलेलं असेल तर उघड्या सिमेंटच्या भिंती मिळतील, फरशीसुद्धा नाही. आणि हांगझोऊत तरी दक्षिणमुखी घरच बघा. उत्तर चीनसारखी सरकारी उष्णतेची व्यवस्था इथल्या जुन्या वसाहतींना नाही, आणि जानेवारीतली ओली थंडी हाडात शिरते. सहकारी दक्षिणेच्या खिडकीला एवढा मान का देतात हे मला पहिल्या हिवाळ्यातच उमगलं.

व्यवहाराचा क्रम

जुनं घर (अर्शौफांग) घेताना एजंट आधी ‘दिंगजिन’ मागतो. या उच्चाराचे दोन शब्द आहेत. कानाला एकच, लिहिताना पहिलं अक्षर वेगळं. एक कायद्यातला बयाणा: तुम्ही मोडलात तर तो बुडतो, विकणाऱ्यानं मोडलं तर त्याला दुप्पट परत द्यावा लागतो, आणि तो कराराच्या रकमेच्या २० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. दुसरा म्हणजे नुसती आगाऊ रक्कम, तिला हे दुपटीचं संरक्षण नाही. पावतीवर कोणतं अक्षर आहे हे चिनी वाचणाऱ्या, पण एजंट नसलेल्या माणसाकडून वाचून घ्या.

बयाण्याआधी विकणाऱ्याला सोबत घेऊन नोंदणी केंद्रातून घराचा उतारा काढा. गहाण, जप्ती, सहमालक, सगळं त्यात कळतं. मग गृहनिर्माण खात्याच्या प्रणालीत करार चढवतात, त्याला ‘वांगछ्यान’ म्हणतात. तो चढला की तेच घर दुसऱ्याला विकता येत नाही. पैसे थेट विकणाऱ्याला न देता देखरेखीच्या खात्यात ठेवा, घर तुमच्या नावावर झालं की बँक ते पुढे देते. इंग्रजी प्रत मिळाली तरी बंधनकारक मजकूर चिनीच धरा. चिनी वाचता येत नसेल तर नोंदणीच्या दिवशी दुभाषा न्यावा लागतो, केंद्राला कसा चालतो ते आधी विचारा.

सप्टेंबर २०२४ पासून देशपातळीवर किमान रोख हिस्सा १५ टक्के आहे, पण परदेशी कर्जदाराकडे बँका बरेचदा जास्त मागतात. कर्ज परवान्याच्या मुदतीकडे बघूनही ठरतं, म्हणून परवाना नुकताच नवा झालेला असताना अर्ज करा.

खरेदीवरचा कर ‘छीशुई’. १ डिसेंबर २०२४ पासून कुटुंबाच्या पहिल्या घराला १४० चौरस मीटरपर्यंत १ टक्का, त्याहून मोठं असेल तर दीड टक्का. विकणाऱ्याचे करही वाटाघाटीत खरेदीदाराच्या गळ्यात पडतात. त्यामुळे ‘मान-वू-वेई-यी’ घर शोधा: मालकाकडे पाच वर्षांहून जास्त असलेलं आणि त्याच्या कुटुंबाचं एकमेव. त्यावर त्याला आयकर लागत नाही. निवासी घराची नोंदणी फी फक्त ८० युआन.

पैसा कुठून आणायचा

इथला पगार इथंच साठवला असेल तर कराचा दाखला आणि बँकेचा उतारा पुरतो. बाहेरून पैसे आणायचे तर खरेदी करार दाखवून बँकेत परकीय चलन युआनमध्ये बदलतात. पूर्वी त्यासाठी कराराच्या नोंदीचा दाखला आधी लागायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये परकीय चलन प्रशासनानं देशभर मुभा दिली की करारावर चलन आधी बदला, दाखला नंतर द्या. बदलाची प्रत्येक पावती जपा. पुढे घर विकून पैसे बाहेर न्यायचे झाले तर याच पावत्या लागतील.

भारतातून आई-वडील मदत करणार असतील तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात, आणि १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक स्रोतावर कर गोळा करते. अनिवासी असताना घेतलेलं घर कायमचं भारतात परतल्यावरही ठेवता येतं, भारताच्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या (फेमा) कलम ६(४) मध्ये ती तरतूद आहे. आयकराच्या हिशेबानं सामान्य निवासी झाल्यावर मात्र आयकर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या रकान्यात ते दाखवायलाच हवं.

किल्ली मिळाल्यावर

आधीच्या मालकाबरोबर उभं राहून वीज, पाणी, गॅस आणि ‘वूये’, म्हणजे सोसायटी सांभाळणारी कंपनी, यांची थकबाकी तपासा आणि खाती नावावर करून घ्या. मग राहायला गेलात की २४ तासांत पुन्हा पायछूस्वो. या वेळी घरमालकाचा करार न्यायचा नाही, स्वतःचा मालमत्ता दाखला न्यायचा. नव्या पत्त्याची चिठ्ठी मिळेल, तिच्यावरचं नावसुद्धा खिडकीवरच वाचून घ्या. रहिवासी परवान्याच्या पुढच्या नूतनीकरणाला हीच चिठ्ठी लागते.