कधी जमते, कधी जमत नाही: एडीएचडीमागचे विज्ञान

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड करणारी, मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था. ती असलेल्या मुलाविषयी घरी आणि शाळेत एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘मनात आणले तर याला सगळे जमते.’ या वाक्याला आधार नाही असे नाही. काल ज्याने पानभर गणिते बिनचूक सोडवली, तेच मूल आज पहिली चार बरोबर सोडवते, पाचव्यात वजाबाकीचे चिन्ह समोर असून बेरीज करते, सहावे अर्धवट सोडते आणि सातव्यापाशी पोहोचण्याआधी पेन्सिलीला टोक करायला उठते. बुद्धी कालचीच, शिकवलेलेही कालचेच. तेव्हा उरतो तो आळस किंवा हट्ट, असा हिशेब मांडला जातो. एडीएचडीविषयीचे बरेचसे गैरसमज या हिशेबातून जन्माला येतात असे मला वाटते, कारण कामगिरीतली ही अनियमितता हीच या अवस्थेची मोठी खूण आहे.

ही खूण प्रयोगशाळेत मोजताही येते. संगणकाच्या पडद्यावर ठरावीक चिन्ह उमटताच बटण दाबायचे, एवढाच साधा प्रयोग असतो. एडीएचडी असलेल्यांचा सरासरी प्रतिसादवेळ इतरांपेक्षा जास्त निघतो, म्हणून ती मुले एकंदरीतच संथ आहेत असे वाटू शकते. प्रत्येक प्रतिसाद वेगळा मांडून पाहिला की चित्र पालटते: बहुतेक प्रतिसाद इतर मुलांइतकेच चटकन आलेले असतात, मात्र अधूनमधून एखादा फारच उशिरा येतो आणि तो सरासरी ओढून नेतो. एका मांडणीनुसार, मन मोकळे भटकत असताना मेंदूतले जे जाळे सक्रिय असते ते काम सुरू झाल्यावर शांत व्हायला हवे. एडीएचडीमध्ये ते पुरेसे शांत होत नाही आणि मधूनच डोके वर काढते. त्या क्षणी मूल जागेवर बसलेले असते, डोळे पडद्यावर असतात, पण लक्ष निसटलेले असते आणि ते निसटल्याचे त्याला स्वतःलाही उशिरा कळते.

लक्ष देण्याची क्षमताच कमी असती, तर हेच मूल व्हिडिओ गेमसमोर तासन्‌तास खिळून बसले नसते. उणीव असते ती लक्षाचे नियमन करण्यात: हवे तिथे वळवणे, नको तिथून काढून घेणे आणि कंटाळवाण्या कामावर टिकवून धरणे. गेममध्ये प्रत्येक कृतीचे फळ क्षणात मिळते, परीक्षेच्या अभ्यासाचे काही महिन्यांनी. उशिरा मिळणाऱ्या फळाचे मोल सगळ्यांच्याच मनात थोडे घटते, पण एडीएचडीमध्ये ते अधिक वेगाने घटते. त्यातच काळाचा अंदाज चुकतो आणि नुकतीच ऐकलेली गोष्ट काम होईपर्यंत मनात धरून ठेवणारी कार्यस्मृतीही बऱ्याच जणांत तोकडी पडते. ‘दप्तर ठेव, हात धू आणि वही घेऊन ये’ या सूचनेतले हात धुणे तेवढे पार पडते, वही राहून जाते.

या नियमनात मेंदूच्या अग्रखंडाचा, म्हणजे कपाळामागच्या भागाचा, आणि त्याला मेंदूच्या खोल भागांशी जोडणाऱ्या मार्गांचा मोठा वाटा आहे. त्या मार्गांवर डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायने संदेशवहन करतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेंदूच्या बाह्यावरणाची जाडी वयानुसार कशी बदलते हे तपासले होते. बाह्यावरणाच्या निम्म्या भागाने कमाल जाडी गाठण्याचे वय इतर मुलांत सुमारे साडेसात वर्षे, तर एडीएचडी असलेल्या मुलांत सुमारे साडेदहा वर्षे आढळले. सर्वाधिक विलंब अग्रखंडात होता. वाढीचा क्रम मात्र दोन्ही गटांत सारखाच होता. हा फरक गटांच्या सरासरीत दिसतो, त्यामुळे एका मुलाचा एमआरआय काढून एडीएचडीचे निदान करता येत नाही.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून एडीएचडीची आनुवंशिकता सुमारे 74 टक्के असल्याचे दिसते. त्याला कारणीभूत एखादे जनुक नसून अल्प परिणाम करणारी असंख्य जनुकीय रूपे आहेत. अकाली जन्म आणि जन्मतः कमी वजन यांमुळेही शक्यता वाढते. लाड, साखर किंवा शिस्तीचा अभाव यांनी एडीएचडी होतो, याला पुरावा नाही. मोबाइललाही मूळ कारण ठरवता येत नाही: अलेक्झांडर क्रायटन या वैद्याने 1798 साली आणि जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने 1902 साली केलेली वर्णने आजच्या लक्षणांशी बरीच जुळतात.

निदान होते ते बारकाईने घेतलेल्या माहितीवरून, रक्ततपासणीवरून नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 सालच्या निकषांनुसार अवधानाच्या अभावाची नऊ आणि अतिचंचलता व उतावळेपणाची नऊ अशी लक्षणे पाहतात. यांपैकी किमान एका गटातील सहा लक्षणे, वय सतरा किंवा अधिक असल्यास पाच, कमीत कमी सहा महिने टिकलेली असावी लागतात. काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली असावी लागतात. शिवाय ती घर, शाळा, कामाची जागा अशा किमान दोन ठिकाणी दिसून त्यांचा कामकाजावर परिणाम व्हावा लागतो. अपुरी झोप, ऐकण्यातला दोष, चिंता, अध्ययन अक्षमता यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून घाई नको. निदान दोन्ही बाजूंनी चुकते. वर्गातल्या वयाने सर्वांत लहान मुलांवर हा शिक्का अधिक वेळा बसतो असे अनेक देशांतील पाहण्यांत दिसले आहे, तर खिडकीबाहेर पाहत शांत बसणाऱ्या मुली कुणाला त्रास देत नसल्याने वर्षानुवर्षे नजरेतून सुटतात. त्यांपैकी कितीतरी जणींना मोठेपणीच, कधी स्वतःच्या मुलाची तपासणी सुरू असताना, आपल्याविषयीही शंका येते.

उपचारात औषधाला महत्त्वाचे स्थान आहे. मेथिलफेनिडेट हे औषध डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिनचे पुनर्शोषण रोखते, त्यामुळे ती रसायने चेतासंधीत, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या जोडजागेत, अधिक वेळ उपलब्ध राहतात. भूक मंदावणे, झोप लांबणे, नाडीचे ठोके व रक्तदाब थोडा वाढणे हे परिणाम होऊ शकतात. म्हणून डॉक्टर मुलाचे वजन, उंची आणि रक्तदाब यांची नोंद ठेवतात. ज्यांना ते मानवत नाही त्यांच्यासाठी ॲटोमॉक्सेटिनसारखे पर्याय आहेत. सहा वर्षांखालील मुलांत मात्र आधी पालकांना वर्तनव्यवस्थापनाचे प्रशिक्षण देण्याची शिफारस केली जाते.

औषधाने लक्ष टिकते, पण दिवसाची आखणी त्यातून आपोआप होत नाही. काय करायचे हे या व्यक्तींना बहुधा ठाऊक असते, अडते ते नेमक्या वेळी करण्यात. म्हणून रविवारी दिलेला उपदेश बुधवारी दुपारी कामी येत नाही. मदत लागते ती काम घडते त्याच जागी आणि त्याच क्षणी. एका वेळी एकच सूचना, टेबलावर डोळ्यांसमोर राहील असे घड्याळ, पाच गणिते झाली की लगेच तपासून दिलेली शाबासकी, मध्ये उठून फिरण्याची परवानगी, या गोष्टी दिसायला किरकोळ वाटतात, पण मेंदूकडून जे ऐन वेळी होत नाही ते त्या बाहेरून करून देतात. मोठ्यांसाठी बिले आपोआप भरली जाण्याची सोय, किल्ल्यांसाठी दारालगतचा एकच खिळा, कंटाळवाणे काम करताना शेजारी कुणीतरी आपले काम करत बसणे, हे उपयोगी पडते. वाहन चालवणाऱ्यांनी औषधाच्या वेळांबाबत डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे, कारण एडीएचडीमध्ये अपघातांचा धोका वाढतो आणि औषध सुरू असलेल्या काळात तो कमी असल्याचे मोठ्या नोंदींवरून दिसले आहे.

आणखी एक अडचण कुटुंबांना उशिरा उमगते. नवी पद्धत नवी असेपर्यंत छान चालते आणि नावीन्य ओसरले की बंद पडते, मग ‘इतके चांगले चालले होते, का सोडलेस?’ यावरून पुन्हा वाद होतात. वही उघडेनाशी झाली की भिंतीवरचा फळा, फळा नजरेआड झाला की मोबाइलचा गजर, त्याकडेही दुर्लक्ष होऊ लागले की परत वही, अशी अदलाबदल सुरुवातीपासून गृहीत धरलेली बरी.