अपघातोत्तर शारीरिक पुनर्वसन (मराठवाडा)

रस्ते अपघातात हाड मोडलेल्या, मेंदूला किंवा मज्जारज्जूला मार लागलेल्या अथवा हात-पाय गमावलेल्या व्यक्तीला तिची हालचाल, रोजचे व्यवहार आणि कामधंदा शक्य तितका परत मिळावा म्हणून केल्या जाणाऱ्या उपचारांना शारीरिक पुनर्वसन म्हणतात. भौतिकोपचार (फिजिओथेरपी), व्यावसायिक चिकित्सा (रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी), वाचोपचार (स्पीच थेरपी), कृत्रिम अवयव आणि वॉकर, कुबड्या, स्प्लिंट, चाकाची खुर्ची यांसारखी साधने त्यात येतात. मराठवाड्यातील बोलण्यात या सगळ्याला ‘शेक’, ‘करंट’ किंवा ‘मशीनवरचा व्यायाम’ म्हणतात. यंत्राला दिलेले हे महत्त्व थोडे फसवे आहे, कारण यंत्राने वेदना कमी होत असली, तरी सांधा आणि स्नायू परत मिळतात ते रुग्णाने स्वतः, रोज आणि बरेच आठवडे केलेल्या हालचालींनी.

भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि ४,४३,३६६ जण जखमी झाले. मृत्यूचा आकडा बातमीत येतो; जखमींपैकी किती जण पुन्हा कामावर गेले, हे मात्र कोणी विचारत नाही. मराठवाड्यातून धुळे–सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग ५२ (कन्नड, छत्रपती संभाजीनगर, बीड, धाराशिव), तुळजापूर–लातूर–नांदेड हा ३६१ आणि उमरग्यावरून जाणारा पुणे–हैदराबाद हा ६५ क्रमांकाचा महामार्ग जातो. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यापासून जालना आणि छत्रपती संभाजीनगर हे जिल्हे त्यावरही आहेत. या रस्त्यांवर वेगाने धावणाऱ्या गाड्यांच्या जोडीला दुचाकीवर तिघे, उसाच्या ट्रॉल्या आणि अंधारात मागचा दिवा नसलेल्या बैलगाड्याही असतात. दुचाकीस्वाराच्या मांडीचे आणि नडगीचे हाड मोडणे, डोक्याला मार लागणे आणि खांद्यावर आपटल्याने हाताच्या नसांचा जुडगा ताणला किंवा तुटला जाणे या दुखापतींना दीर्घ पुनर्वसन लागते.

मांडीच्या हाडात रॉड टाकला की हाड जुळण्याची सोय होते, पण गुडघा आपोआप वाकत नाही. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मांडीचा स्नायू आवळणे, घोटा वर-खाली करणे आणि पलंगाच्या कडेला पाय सोडून गुडघा हळूहळू वाकवणे सुरू करावे लागते. ‘हाड जुळेपर्यंत पाय हलवू नका’ असा घरच्यांचा मायेचा आग्रह ऐकून रुग्ण दोन महिने बाजेवर पाय सरळ ठेवून पडला, तर स्नायू हाडाला चिकटतात आणि सांधा आखडतो. मग क्ष-किरण चित्र उत्तम, पण मांडी घालता येत नाही, उकिडवे बसता येत नाही, शौचाला जाता येत नाही आणि खुरपणीला बसणे तर दूरच, अशी अवस्था येते. पाश्चात्त्य मोजमापात काटकोनात वाकणारा गुडघा बराच कामाचा ठरतो. जमिनीवर बसून जेवणाऱ्या आणि शेतात उकिडवे बसून काम करणाऱ्या माणसाला तो पुरत नाही. प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक कापून ती शौचाच्या भांड्यावर ठेवणे किंवा वाळू भरलेली पिशवी घोट्याला बांधून पाय उचलण्याचा सराव करणे, अशा सोयी घरोघर केल्या जातात. तज्ज्ञाने वजन आणि वेळ ठरवून दिली, तर त्या विकतच्या साधनांइतक्याच उपयोगी पडतात.

कोपराची गोष्ट याच्या उलट आहे. कोपर निखळल्यावर किंवा तेथील हाड मोडल्यावर तेल लावून जोरात चोळणे आणि ओढून सरळ करणे हा घरगुती उपाय घातक ठरतो, कारण त्यामुळे सांध्याभोवतीच्या स्नायूत हाड तयार होऊन हात कायमचा अडकू शकतो. हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्यांची पट्टी फार घट्ट बांधल्यास हाताचा रक्तपुरवठा तुटतो, स्नायू मरतात आणि बोटे आत वळतात. तरीही लोक त्याच्याकडे जातात ते केवळ अज्ञानाने नव्हे. तो गावात असतो, उधारीवर काम करतो आणि रोज येऊन विचारपूस करतो. या तिन्ही गोष्टी जिल्ह्याच्या ठिकाणच्या उपचारात सहसा मिळत नाहीत.

मज्जारज्जूच्या दुखापतीत पुनर्वसन हाच मुख्य उपचार उरतो. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, लघवीसाठी ठरावीक वेळी स्वच्छ नळी घालणे, हातांचे बळ वाढवून पलंगावरून खुर्चीत सरकणे, हे रुग्णाला आणि त्याच्या सोबतच्या माणसाला शिकवावे लागते. हे शिक्षण घरी पाठवण्यापूर्वी झाले नाही, तर माकडहाडावर जखम होऊन ती हाडापर्यंत जाते, किंवा लघवीचा जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. अपघातातून वाचलेला माणूस पुढे या दोन कारणांनी दगावू शकतो.

प्रदेशातील उपचारव्यवस्था मोजक्या शहरांत एकवटली आहे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, म्हणजे ‘घाटी’ (१९५६), अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय (१९७४), नांदेड (१९८८) आणि लातूर (२००२) ही जुनी शासकीय केंद्रे. धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोली येथील महाविद्यालये अलीकडची. छत्रपती संभाजीनगर आणि लातूर येथे फिजिओथेरपीची खासगी महाविद्यालये आहेत. किनवटचा रुग्ण नांदेडला येतो तो सव्वाशे किलोमीटरांच्या वर प्रवास करून. आष्टीचा रुग्ण अहिल्यानगर गाठतो, तर तुळजापूर-उमरग्याकडचा सोलापूर, म्हणजे दोघेही प्रदेशाबाहेर. शस्त्रक्रियेसाठी असा प्रवास एकदा करता येतो. आठवड्यातून तीनदा, वॉकर घेऊन, एसटीच्या उंच पायऱ्या चढून आणि सोबतीच्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडवून तो सहा-आठ आठवडे करत राहणे ही वेगळी गोष्ट आहे. बाईला दुखापत झाली असेल, तर सोबत कोण जाणार या प्रश्नापाशीच अनेकदा उपचार संपतो.

पैशाची व्यवस्थाही शस्त्रक्रियेभोवती उभी आहे. राज्यात जानेवारी २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. केंद्र सरकारच्या ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या योजनेत अपघातग्रस्ताला अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडविरहित उपचार मिळतात. जीव वाचवण्याच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे, पण मांडीत रॉड टाकलेला रुग्ण सातव्या दिवशी जेमतेम उभा राहायला शिकत असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत मराठवाड्यातला नांदेड होता. २०२३ मध्ये तिचे कुटुंबामागे संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला. तीही मुख्यतः शस्त्रक्रिया आणि दाखल-उपचार यांच्या ठरलेल्या पॅकेजांवर चालते, त्यामुळे घरी गेल्यानंतरच्या महिनोन्‌महिन्यांच्या व्यायामाचा खर्च बहुधा रुग्णाच्या खिशातून जातो.

नुकसानभरपाईचा मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जातो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले, की अवयवाचे अपंगत्व किती टक्के यापेक्षा त्या अपंगत्वाने त्या माणसाची कमाई किती घटली हे पाहिले पाहिजे. ट्रॅक्टरचालकाचा आखडलेला गुडघा आणि कारकुनाचा आखडलेला गुडघा या दृष्टीने सारखे नाहीत. पुढील उपचारांचा खर्चही मागता येतो, मात्र त्याला आधार लागतो. गावात घरी येऊन व्यायाम देणाऱ्याची पावती नसते, आणि पावती नसलेला खर्च दाव्यात सिद्ध करणे कठीण जाते.

शेतकऱ्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक हात किंवा एक पाय निकामी झाल्यास एक लाख आणि दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. वाचलेल्या पण आखडलेल्या पायाला या तक्त्यात जागा सापडणे अवघड आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. त्यावर एसटीत ७५ टक्के सवलत मिळते. ज्या काळात दवाखान्याच्या फेऱ्या सर्वाधिक असतात, त्या पहिल्या महिन्यांत दुखापत कायमची ठरलेली नसल्याने हे प्रमाणपत्र नसते, आणि हाती येते तेव्हा फेऱ्या बऱ्याचदा थांबलेल्या असतात. पाय कापावा लागलेल्यांना १९६८ मध्ये जयपूर येथे तयार झालेल्या ‘जयपूर फूट’ पद्धतीचे पाय शिबिरांतून मिळतात. शिबिराची वाट पाहताना कापल्यानंतर उरलेल्या पायाच्या भागाला योग्य पट्टी न बांधल्यास किंवा गुडघ्याखाली उशी ठेवून तो वाकलेलाच राहू दिल्यास नवा पाय नीट बसत नाही. तो घरात खुंटीला टांगलेला राहतो.

ऊसतोड कामगारांची अडचण आणखी वेगळी आहे. बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरला जात असल्याने एकाचा पाय मोडला की दुसऱ्याचेही काम थांबते, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर राहते. शस्त्रक्रिया कारखान्याजवळच्या शहरात होते, तर पुढचे उपचार गावाकडे. गावाकडच्या फिजिओथेरपिस्टला पहिला प्रश्न पडतो तो या पायावर किती भार द्यायचा हा, आणि त्याचे उत्तर डिस्चार्ज कार्डावर ‘एनडब्ल्यूबी’ अशा तीन इंग्रजी अक्षरांत असते, म्हणजे पाय अजिबात टेकवायचा नाही. रुग्णाला ती अक्षरे वाचता येत नाहीत, आणि ते कार्ड एक्स-रेच्या पिशवीसकट ऊसतोडीच्या ठिकाणच्या कोपीवरच (झोपडीतच) कुठेतरी राहून गेले असेल, तर व्यायाम अंदाजाने सुरू होतो किंवा पुढच्या एक्स-रेपर्यंत थांबतो.